सत्तेच्या सीमांचे शास्त्र

सिडनीच्या मध्यवस्तीतून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल ही स्थानके मागे टाकून पेंडल हिलच्या पुढे गेली, की टूंगॅबी येण्यापूर्वी जी शांत, बैठ्या घरांची वस्ती लागते, ती गिरावीन. गेल्या दोन-तीन दशकांत भारतातून आलेली इतकी कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत, की तमिळ, गुजराती, तेलुगू या भाषांच्या जोडीला मराठीही तेथे कानी पडते. या कुटुंबांचे विद्येवरील प्रेम सर्वश्रुत आहे. गिरावीन हायस्कूल ही प्रवेशपरीक्षेने विद्यार्थी निवडणारी सरकारी शाळा. तिच्यात मुलाला जागा मिळावी म्हणून आईबाप ते मूल प्राथमिक वर्गात असल्यापासूनच झटू लागतात, आणि पुढे एचएससीची परीक्षा संपवून ते विद्यापीठाच्या दाराशी आले, की घरात वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक, विमागणित यांची चर्चा सुरू होते. कायद्याचा विचार झालाच, तर तो बड्या कंपन्यांचे करारमदार सांभाळणाऱ्या वकिलीचा होतो. सार्वजनिक कायद्याचे नाव एखाद्या मुलीने काढले, तर ‘त्याचे पुढे काय होणार?’ हा प्रश्न तिला बहुधा ऐकावा लागतो. प्रश्न प्रेमापोटी आलेला असतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे हे कर्तव्य ठरते.

कायद्याचे स्थूलमानाने दोन भाग पाडण्याची प्रथा आहे. दोन व्यक्तींमधील देवघेव, खरेदीखत, भाडेपट्टा, वारसा, नुकसानभरपाई या गोष्टींचे नियमन करतो तो खासगी कायदा. आणि राज्यसंस्थेची रचना कशी असावी, तिच्या निरनिराळ्या अंगांना किती अधिकार असावेत, त्या अधिकारांचा वापर करताना अंमलदाराने कोणत्या मर्यादा पाळाव्यात आणि मर्यादा ओलांडल्यास सामान्य माणसाने दाद कोठे मागावी, याचा विचार करतो तो सार्वजनिक कायदा. राज्यघटनेचा कायदा आणि प्रशासकीय कायदा या त्याच्या दोन प्रमुख शाखा होत. सरकारचा हुकूम आला की तो मान तुकवून स्वीकारायचा, फार तर साहेबांपुढे अर्ज-विनंत्या करायच्या, अशी मामलतदार कचेरीच्या काळापासून आपल्या अंगवळणी पडलेली जी रीत आहे, तिच्या बरोबर उलट दिशेने हे शास्त्र चालते. हुकूम हाती पडताच त्याचा अभ्यासक प्रथम असे विचारतो, की हा हुकूम काढण्याची मुखत्यारी या अंमलदाराला कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने दिली, त्या कलमाच्या चौकटीत तो राहिला काय, आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय दिला त्याची कैफियत त्याने निर्णयापूर्वी ऐकून घेतली काय.

गिरावीनमधील कुटुंबाला हे प्रश्न दूरचे मुळीच नाहीत. व्हिसाचा निर्णय, नागरिकत्वाचा अर्ज, करखात्याची नोटीस, परसात आजी-आजोबांसाठी बांधावयाच्या लहानशा घराची परवानगी, ही सारी सार्वजनिक कायद्याचीच प्रकरणे आहेत. हा भाग पूर्वी होलरॉइड नगरपालिकेच्या अंमलाखाली होता. मे २०१६ मध्ये राज्य सरकारने एका घोषणेने होलरॉइड, ऑबर्नचा भाग आणि पॅरामॅटाचा काही भाग एकत्र करून कंबरलँड ही नवी नगरपालिका निर्माण केली, आणि त्याच सुमारास राज्यातील इतर काही नगरपालिकांनी अशा विलीनीकरणाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ज्या संस्थेला आपण घरपट्टी देतो तिचे अस्तित्वच राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते, हे तेव्हा पुष्कळांना प्रथमच उमगले. पुढे मे २०२४ मध्ये याच कंबरलँडच्या सभागृहाने समलिंगी पालकांविषयीची पुस्तके ग्रंथालयांतून काढून टाकण्याचा ठराव निसटत्या बहुमताने केला. राज्य सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानाची आठवण करून दिली, नागरिकांत दोन्ही बाजूंनी मोठी खळबळ उडाली, आणि दोनच आठवड्यांत तो ठराव फिरविण्यात आला. त्या वादात कोणाची बाजू कोणास पटली हा निराळा प्रश्न. परंतु निवडून आलेल्या सभेच्या बहुमतालाही कायद्याचे कुंपण असते काय, हा जो मूळ मुद्दा त्यातून उभा राहिला, तो विद्यापीठातील सार्वजनिक कायद्याच्या पहिल्याच वर्गात शिकविला जातो.

ऑस्ट्रेलियात वकिलीची सनद मिळवू इच्छिणाऱ्याला पदवीच्या अभ्यासात अकरा विषय पुरे करावेच लागतात. न्यायमूर्ती प्रीस्टली यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९२ साली ही यादी निश्चित केली, म्हणून विद्यार्थी तिला ‘प्रीस्टली इलेव्हन’ याच नावाने ओळखतात. करार, अपकृत्ये, फौजदारी कायदा, पुरावा, मालमत्ता, कंपनी कायदा यांच्या बरोबरीने संघराज्याचा व घटकराज्यांचा घटनाकायदा आणि प्रशासकीय कायदा हे दोन विषय तिच्यात आहेत. म्हणजे पुढे आयुष्यभर कंपन्यांचीच कामे करावयाची असली, तरी या दोन दारांतून गेल्यावाचून गत्यंतर नाही. बारावीनंतर कायद्याची पदवी कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांच्या जोडपदवीसह साधारण पाच वर्षांत पुरी होते. आधीच पदवीधर असलेल्यास तीन वर्षांचा ‘ज्युरिस डॉक्टर’ हा अभ्यासक्रम घेता येतो. सिडनी विद्यापीठात कायद्याचे पद्धतशीर अध्यापन १८९० पासून चालू आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची विधिशाखा १९७१ साली सुरू झाली, आणि २००१ पासून तेथे केवळ सार्वजनिक कायद्याच्या संशोधनास वाहिलेले गिल्बर्ट अँड टोबिन केंद्र काम करीत आहे. त्या केंद्राचे संस्थापक-संचालक, घटनातज्ज्ञ जॉर्ज विल्यम्स हे २०२४ मध्ये वेस्टर्न सिडनी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि हे विद्यापीठ तर गिरावीनकरांच्या अगदी शेजारचे, पॅरामॅटाचे.

वर्गातील अध्यापनाची पद्धत आपल्याकडील पाठांतराला सवकलेल्या विद्यार्थ्यास आरंभी बुचकळ्यात टाकते. कलमांची यादी मुखोद्गत करणे येथे फारसे उपयोगी पडत नाही. न्यायाधीशांची शे-दोनशे पृष्ठांची निकालपत्रे मुळातून वाचावी लागतात, एकाच खटल्यात सात न्यायाधीशांनी सात वाटांनी केलेल्या युक्तिवादांतून बहुमताचा नेमका निष्कर्ष कोणता हे शोधून काढावे लागते, आणि परीक्षेत एक काल्पनिक हकिकत देऊन तीत कोणाला कोणत्या आधाराने दाद मागता येईल, हे दोन्ही बाजूंनी मांडावे लागते. येथे एका नावाचा खुलासा करणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक घटकराज्याच्या वरिष्ठ न्यायालयास ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात, आणि सर्वांच्या शिरोभागी असलेल्या, कॅनबेरा येथील सात न्यायाधीशांच्या न्यायालयास ‘हायकोर्ट’ म्हणतात. मुंबई-दिल्लीच्या सवयीने वाचणाऱ्याचा येथे हमखास घोटाळा होतो.

आणि मग ऑस्ट्रेलियाच्या घटनेची संहिता हातात पडते, तेव्हा भारतीय घरातून आलेल्या विद्यार्थ्याला खरा धक्का बसतो. १ जानेवारी १९०१ रोजी अमलात आलेली ही घटना अवघ्या १२८ कलमांची आहे. तिच्यात पंतप्रधानाचा उल्लेखसुद्धा नाही. पंतप्रधान, मंत्रिमंडळ, बहुमताचा विश्वास या साऱ्या गोष्टी संकेतांवर चालतात, आणि ते संकेत किती नाजूक असतात हे ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांनी गॉफ व्हिटलम यांचे मंत्रिमंडळ बरखास्त केले तेव्हा साऱ्या राष्ट्राने पाहिले. त्याहून आश्चर्य म्हणजे या घटनेत मूलभूत हक्कांचे प्रकरणच नाही. धर्मस्वातंत्र्य, ज्यूरीपुढे चौकशी, मालमत्तेचा वाजवी मोबदला अशा काही तुटक तरतुदी आहेत. परंतु आपल्या घटनेच्या तिसऱ्या भागासारखी भाषणस्वातंत्र्यापासून जीविताच्या हक्कापर्यंतची सुसंगत सनद शोधू जावे, तर ती सापडत नाही. डॉ. आंबेडकरांनी बत्तिसाव्या अनुच्छेदाविषयी, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अधिकाराविषयी, केवढा आग्रह धरला होता हे ज्याने आजोबांकडून ऐकले आहे, त्याला वाटते, की हक्कांची सनदच नसेल तर नागरिकाने उभे राहावे तरी कशावर?

या प्रश्नाचे उत्तर हाच ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक कायद्याचा गाभा होय, असे माझे मत आहे. तेथील न्यायशास्त्र हक्कापासून आरंभ करीत नाही, ते अधिकाराच्या सीमेपासून आरंभ करते. संघाच्या संसदेला घटनेने विषय मोजून दिले आहेत. न्यायदानाची सत्ता न्यायालयांखेरीज अन्य कोणाच्या हाती देता येत नाही. संसद लोकांनी निवडलेली असली पाहिजे. या सीमा काटेकोरपणे आखल्या आणि प्रत्येक कायदा त्यांच्याशी ताडून पाहिला, तर सीमेबाहेरची जी भूमी उरते, तीवर नागरिकाचे स्वातंत्र्य उभे राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५१ सालचे आहे. रॉबर्ट मेन्झीस यांच्या सरकारने १९५० साली कम्युनिस्ट पक्ष विसर्जित करणारा कायदा केला. पक्ष राष्ट्राच्या संरक्षणास घातक आहे हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच लांबलचक नमूद केले होते, आणि एखाद्याला कम्युनिस्ट म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारकडे राहून, आपण तसे नाही हे सिद्ध करण्याचा बोजा त्या माणसावर टाकला होता. पूर्वी हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेले डॉ. एव्हॅट हे या कायद्याला आव्हान देणाऱ्या एका कामगार संघटनेच्या वतीने उभे राहिले. ९ मार्च १९५१ रोजी हायकोर्टाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा रद्द ठरविला. विचारस्वातंत्र्याचा भंग झाला, असे न्यायालयाने म्हटले नाही. म्हणण्यास आधारच नव्हता. न्यायालयाचे म्हणणे एवढेच, की संसदेला संरक्षणाविषयी कायदे करण्याचा अधिकार आहे, परंतु अमुक गोष्ट संरक्षणाच्या कक्षेत येते हे संसदेने स्वतःच जाहीर करून स्वतःचा अधिकार स्वतःच वाढवून घ्यावा, हे घटनेला मान्य नाही. ती कक्षा ठरविणे न्यायालयाचे काम आहे. मेन्झीस यांनी मग घटनादुरुस्तीसाठी सार्वमत घेतले. २२ सप्टेंबर १९५१ रोजी तेही थोडक्यात फसले.

आता याच्या शेजारी दिल्लीतील एक निकाल ठेवून पाहावा. १९ मे १९५० रोजी, म्हणजे वरील निकालाच्या दहा महिने आधी, आपल्या नव्याकोऱ्या सर्वोच्च न्यायालयाने कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा, त्यातील एक कलम वगळता, वैध ठरविला. मूलभूत हक्कांची भव्य सनद हाताशी असलेल्या न्यायालयात कम्युनिस्ट नेता हरला, आणि जेथे अशी सनद नाही तेथे सबंध कम्युनिस्ट पक्ष जिंकला. यावरून सनद निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या न्यायालयाने गोपालन निकालाची संकुचित दृष्टी टाकून दिली, आणि सनद होती म्हणूनच तसे करता आले. उलट ऑस्ट्रेलियात २००४ साली अल-कातेब या राष्ट्रहीन माणसाच्या खटल्यात, त्याला पाठवण्यास कोणताही देश नसताना अनिश्चित काळ स्थानबद्ध ठेवणे कायदेशीर आहे, असे चार विरुद्ध तीन मतांनी ठरले, आणि ती चूक दुरुस्त होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडावा लागला. सुटकेचा हक्क सांगणारे कलम नव्हते, म्हणून अखेर न्यायालयाला सत्ताविभाजनाच्या तत्त्वाचा, म्हणजे शिक्षा देणे हे सरकारचे नव्हे तर न्यायालयाचे काम आहे या सीमेचा, आधार घ्यावा लागला. हे दोन्ही देशांचे निकाल एकत्र वाचण्याची जी संधी गिरावीनच्या मराठी विद्यार्थ्याला सहज आहे, ती त्याच्या शेजारी बसलेल्या अनेकांना नाही. घरातून आलेली एक घटनापरंपरा आणि देशातून आलेली दुसरी, अशा दोन्ही त्याच्या आहेत.

या दोन परंपरांचे नातेही विद्यार्थ्यास ठाऊक असावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीपुढे मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी संघराज्यातील ताठरपणा कमी करण्यासाठी ऑस्ट्रेलियाची योजना अधिक विस्ताराने स्वीकारल्याचे सांगितले होते. आपली समवर्ती सूची तिकडील वळणाची आहे, आणि देशभर व्यापार मुक्त असावा हे सांगणारा आपला ३०१ वा अनुच्छेद त्यांच्या ९२ व्या कलमाची आठवण करून देतो. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र दोघांची प्रकृती भिन्न आहे. आपल्या घटनेत शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. ऑस्ट्रेलियात प्रत्येक दुरुस्तीस देशातील मतदारांचे बहुमत आणि सहापैकी चार राज्यांत बहुमत असे दुहेरी पाठबळ लागते, त्यामुळे ४५ प्रस्तावांपैकी केवळ आठ मंजूर झाले. आदिवासींसाठी संसदेला सल्ला देणारी घटनात्मक संस्था निर्माण करण्याचा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ रोजी असाच नामंजूर झाला. आणि गिरावीनमधील नागरिकत्व घेतलेल्या अनेक मराठी मतदारांनी आयुष्यात प्रथमच घटनेच्या एका दुरुस्तीवर प्रत्यक्ष मत दिले ते त्या दिवशी.

सरकारी अंमलदाराविरुद्ध दाद मागण्याचे जे मुख्य साधन आहे, त्याचाही एक रोचक इतिहास आहे. टास्मानियाचे विधिज्ञ अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांना अमेरिकेच्या घटनेचा गाढ व्यासंग होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८०३ च्या मार्बरी खटल्यात, अंमलदारास कर्तव्य करण्यास लावणारा परमादेश थेट आपल्याकडे मागता येत नाही, असे ठरविले होते. ही उणीव आपल्या घटनेत राहू नये म्हणून क्लार्क यांनी मसुद्यात एक वाक्य घातले. घटना तयार करणाऱ्या परिषदेच्या १८९८ च्या मेलबर्न अधिवेशनात, क्लार्क सभासद नसताना, ते वाक्य अनावश्यक समजून गाळण्यात आले. त्यांनी परिषदेचे नेते एडमंड बार्टन यांना तारेने त्याचे कारण कळविले, आणि ते पुन्हा घातले गेले. आज तेच ७५ व्या कलमाचे पाचवे उपकलम होय: संघाच्या कोणत्याही अंमलदाराविरुद्ध परमादेश, प्रतिषेध किंवा मनाईहुकूम मागण्यास हायकोर्टाचे दार उघडे आहे. पुढे संसदेने निर्वासितांच्या प्रकरणांत न्यायालयांचा हात आखडण्यासाठी कडक तरतूद केली, तेव्हा हायकोर्टाने २००३ साली या उपकलमाचा आधार घेऊन सांगितले, की हे दार साध्या कायद्याने बंद करता येणार नाही; आणि २०१० साली कर्क खटल्यात न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाची देखरेखीची सत्ताही राज्याच्या विधिमंडळास काढून घेता येणार नाही, असे ठरले. एका तारेने वाचलेल्या वाक्याचा हा प्रभाव आहे.

भारतीयांचा या कायद्याशी संबंध आजकालचा नाही. १९०२ च्या मताधिकार कायद्याने ऑस्ट्रेलियाने आशियातील मूळ रहिवाशांना संसदेच्या निवडणुकीतील मतदान नाकारले होते. गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे, गोखल्यांच्या मागून झालेले अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री यांनी १९२२ साली ऑस्ट्रेलियाचा दौरा करून तेथील भारतीयांच्या समान हक्काची बाजू मांडली. त्यानंतर मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मिट्टा बुल्लोश या भारतीयाने न्यायालयात दावा केला, की राज्याच्या विधानसभेसाठी ज्याला मत आहे त्याला संघाच्या निवडणुकीत मत नाकारता येणार नाही, असे घटनेचे ४१ वे कलम म्हणते. हे कलम वस्तुतः दक्षिण ऑस्ट्रेलियातील ज्या स्त्रियांना १८९४ साली मताधिकार मिळाला होता, त्यांचा तो अधिकार संघराज्य झाल्यावर जाऊ नये म्हणून घातलेले होते. ॲडलेडच्या स्त्रियांसाठी घातलेल्या कलमावर एका भारतीयाने खटला जिंकला. सरकारने वरच्या न्यायालयात लढण्याचा विचार सोडून १९२५ साली कायदाच बदलला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मताधिकार मिळाला. शास्त्रींची शिष्टाई आणि बुल्लोश यांचा दावा ही दोन्ही साधने एकाच दिशेने चालली, म्हणून हे घडले.

विद्यार्थी ज्या आधुनिक खटल्यांवर अनेक आठवडे घालवितात, त्यांतही स्थलांतरितांची प्रकरणे पुष्कळ आहेत. १९८५ च्या किओआ खटल्यात टोंगाहून आलेल्या एका कुटुंबाच्या हद्दपारीचा हुकूम हायकोर्टाने रद्द केला, कारण कुटुंबप्रमुख इतर बेकायदा रहिवाशांना मदत करतो असा ठपका अंमलदाराने त्याला उत्तराची संधी न देताच विचारात घेतला होता. आज नैसर्गिक न्यायाविषयीच्या प्रत्येक वादात हा निकाल उद्धृत होतो. उलट, २००४ च्या सिंग खटल्यातील मुलगी व्हिक्टोरियातील मिल्ड्युरा येथे भारतीय आईबापांच्या पोटी १९९८ साली जन्मली होती. तिच्या वतीने, ती याच भूमीवर जन्मल्यामुळे परकीय ठरू शकत नाही, असा युक्तिवाद करण्यात आला, आणि न्यायालयाने बहुमताने तो फेटाळला. २० ऑगस्ट १९८६ पासून ऑस्ट्रेलियात केवळ तेथे जन्म झाल्याने नागरिकत्व मिळत नाही. आईबापांपैकी एक तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो, किंवा मुलाने जन्मापासून दहा वर्षे तेथे वास्तव्य केलेले असावे लागते. भारतानेही १ जुलै १९८७ पासून अशीच मर्यादा घातली. तात्पुरत्या व्हिसावर असताना ज्यांच्या घरी मूल जन्मास येते, त्या गिरावीनच्या जोडप्यांसाठी हा पुस्तकी तपशील नव्हे.

प्रशासकीय कायद्याचे मोल अलीकडे एका दारुण प्रकरणाने साऱ्या देशाला पटविले. २०१५ पासून सरकारने सामाजिक साहाय्य घेणाऱ्या लोकांचे वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून, त्यावरून त्यांच्याकडे जादा पैसे गेले असे यंत्राकडून ठरवून घेण्याची योजना चालविली. ज्याने वर्षातले चार महिने काम केले, त्याने बाराही महिने सारखे कमावले असे धरून त्याला कर्जदार ठरविले जाई. असे सरासरीवरून कर्ज ठरविण्यास कायद्यात आधारच नव्हता, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारला न्यायालयात मान्य करावे लागले. चार लाखांवर लोक या योजनेच्या कचाट्यात सापडले होते. कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाने ७ जुलै २०२३ रोजी दिलेल्या अहवालात तिचे निर्घृण स्वरूप उघड केले. मला या प्रकरणात सर्वांत खिन्न करणारी गोष्ट ही वाटते, की या योजनेचे उत्तर प्रशासकीय कायद्याच्या साध्या पाठात होते: कर्ज आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्या खात्याची असते. तो पाठ शिकलेला एकेक माणूस खात्याच्या प्रत्येक दफ्तरात जागेवर असता आणि त्याचे ऐकले गेले असते, तर पुष्कळ कुटुंबांचे हाल टळले असते.

दाद मागण्याची स्वस्त व्यवस्था त्या देशाने आधीपासून उभारलेली आहे. सर जॉन कर, हेच पुढे बरखास्तीमुळे गाजलेले गृहस्थ, ज्या समितीचे अध्यक्ष होते तिने १९७१ साली शिफारस केल्यावरून प्रशासकीय अपील न्यायाधिकरण १९७६ मध्ये सुरू झाले. त्याची जागा १४ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाने घेतली आहे. तेथे अंमलदाराचा निर्णय कायदेशीर होता की नाही एवढेच पाहिले जात नाही, तो योग्य होता की नाही हेही नव्याने तपासले जाते, आणि वकिलावाचून उभे राहता येते. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त नेमला आणि २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्यामागील बुद्धी हीच होती.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ऑस्ट्रेलियन नागरिक असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी अनुदानाची जागा मिळाल्यास शुल्काचे कर्ज पगार सुरू झाल्यावर करातून फेडता येते; कायमच्या रहिवाशाला अनुदानाची जागा मिळते, पण बहुधा हे कर्ज मिळत नाही, पैसे आगाऊ भरावे लागतात; तात्पुरत्या व्हिसावरील विद्यार्थ्यास पूर्ण शुल्क द्यावे लागते. नागरिकत्वाचा अर्ज लांबणीवर टाकणाऱ्या आईबापांनी हा फरक ध्यानी ठेवावा. भारतात वकिली केलेल्यांच्या पदवीची तपासणी न्यू साउथ वेल्सचे विधिव्यवसाय प्रवेश मंडळ करते, आणि राहिलेले विषय पुरे करण्यास सांगते. घटनेचा व प्रशासनाचा विषय बहुधा त्यांत असतो, कारण तो परदेशात शिकून येता येत नाही. पदवीनंतर सरकारी विधिखाती, लीगल एड, न्यायाधिकरणे, लोकपालाचे कार्यालय, संसदीय समित्यांचे सचिवालय, न्यायाधीशांचे साहाय्यकपद अशा जागा खुल्या असतात. त्यांचे वेतन बड्या व्यापारी पेढ्यांइतके नसते, हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु २०२१ मध्ये हेमंत धनजी यांची न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टावर नेमणूक झाली, तेव्हा भारतीय वंशाचा पहिला न्यायाधीश त्या पीठावर बसला. आणि अशा नेमणुका ज्या वर्गांतून होतात, त्या वर्गांत आपली मुले अजून थोडीच आहेत.

ज्या आईबापांच्या मनात शंका आहे, त्यांनी मुलीला सक्तीही करू नये आणि परावृत्तही करू नये; तिला बरोबर घेऊन हायकोर्टाचे एखादे कामकाज पाहावे. न्यायालयाची सुनावणी सर्वांस खुली असते आणि प्रवेशास पैसे पडत नाहीत. ऑस्टली या संकेतस्थळावर, जे दोन विद्यापीठांनी १९९५ साली सुरू केले, जवळजवळ सर्व निकालपत्रे विनामूल्य वाचावयास मिळतात. आरंभ १९५१ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या खटल्यापासून करावा, आणि सहाही बहुमताची निकालपत्रे वाचून झाल्यावर सरन्यायाधीश लॅथम यांचे विरोधी मतही अवश्य वाचावे.